कोकीला चालणारा खाऊ

दुष्काळाच्या त्या वर्षी चिखलीकडच्या एका तलावाच्या कामावर दुपारी सुकडी वाटायचे. गव्हाचं आणि सोयाबीनचं पीठ, त्यात गूळ. मजुरांची पोरं वासानंच धावत सुटायची. सत्यभामाबाईची कोकीही धावायची, पोटभर खायची आणि संध्याकाळी पोट धरून कण्हत पडायची.

पाच वर्षांची पोर, पण हातपाय काटक्यांसारखे आणि पोट नगाऱ्यासारखं. अंगारे झाले, काढे झाले. शेवटी पुंजाजीनं बायको-पोरीला घेऊन खामगाव गाठलं. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी पोर काय खाते ते सगळं विचारून घेतलं.

"हिला गहू सोसत नाही. पोळी, रवा, मैदा, काही द्यायचं नाही. सुकडीतलं सोयाबीनही हिला बाधतं. ज्वारीची भाकर द्या, भात द्या."

"किती दिवस?" सत्यभामाबाईनं विचारलं.

"जन्मभर."

ज्वारी शेतात पिकली नव्हती आणि रेशनवर बहुतेक गहूच यायचा. कधी मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, आली की तिचं पीठ सत्यभामाबाई कोकीसाठी वेगळं ठेवायची. पोट कसंबसं भरायचं. पण दुपारी पोरं सुकडी खात बसली की कोकी आईच्या मांडीत तोंड खुपसायची, वाटप संपेपर्यंत वर काढायची नाही.

बाजाराच्या दिवशी सत्यभामाबाई चिखलीला गेली. बिस्किटं मैद्याची, खारी मैद्याची. एका दुकानात काचेच्या बरणीत चॉकलेटं होती.

"भाऊ, याच्यात काय काय असते?"

"चाकलेट असते, बाई."

"गहू असते का? सोयाबीन?"

दुकानदार हसला. "तुले खायचं हाय का पेरायचं हाय?"

ती हसली नाही. फिरत फिरत देवळापाशी आली. तिथं कलाबाई नावाची म्हातारी टोपली घेऊन बसली होती.

"राजगिऱ्याचे लाडू हायेत, माय. उपासाचे. राजगिरा अन् गूळ, दुसरं काहीच नाही."

उपासाला चालतं ते आपल्या पोरीलाही चालेल, हे इतके दिवस कसं सुचलं नाही म्हणून ती स्वतःवरच चिडली. कोकीनं तो लाडू चाटून चाटून संध्याकाळपर्यंत पुरवला.

पण पुढं कलाबाईची टोपलीही दिसेनाशी झाली. आणि एका दुपारी मुरमाच्या ढिगाऱ्याआड कोकी सापडली. पोरांच्या हातून सांडलेली सुकडी मातीतून वेचून खात होती. त्यानंतर ती इतकी खंगली की उठून बसता येईना.

खामगावहून सत्यभामाबाईची थोरली बहीण कौशल्याबाई धावत आली. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा भगवंतराव धान्याचा व्यापारी.

"सत्या, हिले माह्या संगं धाड. आमच्या घरी ज्वारी हाय. पाणी पडलं का घेऊन जाय."

एसटीत बसताना कोकीनं एवढंच विचारलं, "तिथं खाऊ भेटते का?"

"भेटते व बाई."

पुढच्या वर्षी पाऊस झाला, ज्वारी आली. सत्यभामाबाईनं राजगिरा निवडला, फोडला, लाडू वळले आणि खामगावला गेली.

कोकी ओळखू येत नव्हती. गाल भरलेले, लाल रिबिनी, शाळेचा झगा. सत्यभामाबाईनं तिला जवळ ओढून हातावर लाडू ठेवला. कोकीनं तो खाल्ला नाही. आत पळत गेली.

"माय, हे खाऊ का?"

कौशल्याबाई हात पुसत बाहेर आली. तिनं लाडू फोडून पाहिला, हुंगला. "सत्या, याच्यात गव्हाचं काही नाही ना व? परात गव्हाच्या पिठाची त नव्हती?"

सत्यभामाबाईनं फोडलेल्या लाडवाकडं पाहिलं. मग म्हणाली, "नाही, अक्का. घासून घेतली होती."

"मंग खाय, बाई," कौशल्याबाई कोकीला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कौशल्याबाईनं कुणी न सांगता कोकीचे झगे पिशवीत भरले. एका शब्दानं अडवलं नाही. अडवलं ते कोकीनं. दाराची चौकट धरून ती रडू लागली.

"मले नाही यायचं. तिथं माहं पोट दुखते."

"आता नाही दुखणार व. आता आपल्याकडं ज्वारी हाय."

"दुखते!"

सत्यभामाबाईनं बहिणीच्या हातातली पिशवी घेतली, थोडा वेळ धरली आणि खुंटीला अडकवली.

चिखलीच्या स्टँडवर पुंजाजी उभा होता. "पोर कुठी हाय?"

"तिथं बरी हाय ते."

पुंजाजी घराच्या वाटेला लागला.

दरवर्षी दिवाळीत कोकी पाहुणी म्हणून यायची. कौशल्याबाईला माय म्हणायची, सत्यभामाबाईला मावशी. पहिल्यांदा तशी हाक आली, तेव्हा सत्यभामाबाई चुलीपाशी होती. तिनं ओ दिली नाही, नुसतीच फुंकर घालत राहिली. कोकीनं पुन्हा हाक मारली. मग तिनं ओ दिली, आणि पुढं देतच गेली.