व्हॅनमधली रिकामी जागा

"विनयाताई, खाली उतरा. व्हॅन फक्त ऑफिसरांसाठी आहे," कृष्णकांत साहेब म्हणाले.

मला काय माहीत नव्हतं? ते सर्क्युलर मीच टाइप केलं होतं, तीन कार्बन घालून. सत्त्याऐंशी सालचा डिसेंबर होता. पंजाबात बसमधून माणसं उतरवून मारल्याच्या बातम्या यायच्या आणि चंदीगड अंधार पडायच्या आत दारं लावून घ्यायचं. आमची औषधांची कंपनी मात्र सहाला सुटायची. मी राहायचे त्या मनीमाजऱ्याच्या बसचा भरवसा नव्हता. आदल्या दिवशी मी तासभर स्टॉपवर उभी होते आणि घरी आठ वर्षांची उल्का एकटी कडी लावून बसली होती.

माझी शेजारीण सुरेखा सेक्टर सोळाच्या सरकारी इस्पितळात नर्स. तिला इस्पितळाची गाडी गल्लीच्या तोंडाशी सोडायची. वर आजारपणाची रजा, गावी जायचं भाडं. आम्हाला काय, तर दिवाळीला मिठाईचा डबा! हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

कृष्णकांत साहेब आमच्या सांगलीकडचे, दर संक्रांतीला घरी तिळगूळ खाऊन जाणारे. त्यांनी हळू आवाजात समजावलं, प्रकरण नोकरीवर येईल म्हणून.

"येऊ दे," मी म्हटलं. "तीन जागा रिकाम्या आहेत. मी उतरणार नाही."

शेवटी ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी डिक्टेशनला बोलावलं. मेमो माझ्याच नावाचा! ऑफिसात दुसरी टायपिस्ट होती कुठे? साहेब खिडकीकडे बघत सांगत होते. परवानगीशिवाय जागा बळकावली, इथवर आले आणि मी पेन्सिल थांबवली.

"साहेब, रिकामी जागा असं लिहू ना?"

"लिहा," ते म्हणाले.

एकही चूक न करता मी तो टाइप केला, सही घेतली आणि माझी प्रत पर्समध्ये ठेवली. उत्तराला तीन दिवसांची मुदत होती. सहा वाजता मी व्हॅनमध्ये जाऊन बसले.

फाटकाशी पॅकिंगमधली कृष्णा शाल घट्ट ओढून उभी होती. तीही मनीमाजऱ्याचीच. तिला हाक मारली आणि सरकून जागा केली.

"दीदी, मुझे भी मेमो मिलेगा?" तिने विचारलं.

"मिलेगा," मी म्हटलं. "मैं ही टाइप करूंगी."

कृष्णाने चपलांची माती झटकली आणि ती आत चढली.