हिरवा मधला होता म्हणून

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आई म्हणते. म्हणू दे. ज्या बुधवार-गुरुवारची ही गोष्ट आहे, त्या दोन दिवसांत मी तिघांवर ओरडले आणि तिघांचीही काही चूक नव्हती.

आम्ही ऑफिसात एक डबी बनवतो. साबणाच्या वडीएवढी, समोर बोटभर रुंदीचा रंगीत पडदा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. दाराची घंटा दाबली की पडदा निळा लुकलुकतो, स्वयंपाकघरात धूर झाला की लाल. बाकी वेळ काळ्यावर हिरवी खूण, म्हणजे सगळं ठीक. एवढ्याशा पडद्यावरची अक्षरं खोलीच्या दुसऱ्या टोकाहून कोण वाचणार? म्हणून नुसते रंग. नमुन्याच्या तीन डब्या तयार झाल्या. एक ऑफिसात ठेवली, एक दुसऱ्या एका घरी वापरून बघायला दिली आणि एक मी मंगळवारी ताईकडे नेऊन लावली.

ताईला लहानपणापासून ऐकू येत नाही. बेचाळिसाव्या वर्षी ती पहिल्यांदाच स्वतःच्या दोन खोल्यांत एकटी राहायला गेली होती. आईने होकार दिला तो त्या डबीच्या भरवशावर, म्हणजे माझ्या भरवशावर.

आणि बुधवारी सकाळी डबी निळी झाली. ताई दार उघडायला गेली. दारात कोणी नाही. जिन्यात वाकून पाहिलं, तिथेही कोणी नाही. परत आली तर स्वयंपाकघर धुराने भरलेलं, दूध उतू जाऊन करपलेलं आणि शेगडीजवळच्या फडक्याची कड पेटलेली. थोडक्यात निभावलं. शेजारच्या बाईंनी आईला फोन केला आणि आईने मला. "रविवारी येते मी, मोठी बॅग घेऊन," आई म्हणाली. "तिला घरी आणते. पुरे झालं ते एकटीचं राहणं."

मी संध्याकाळी ताईकडे गेले. तिने हातांनी सांगितलं, निळा झाला होता.

"अगं, लाल झाला असणार. घाईत बघितलंस तू. चुकून दाराकडे गेलीस."

उचलली जीभ लावली टाळ्याला. ताईने माझ्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. तिने डोळे मिटले की तिच्याशी बोलणं संपतं. लहानपणी मी तिची खेळणी पळवायचे आणि वर तिलाच वेंधळी म्हणायचे, तेव्हाही ती असंच करायची. मी पाच मिनिटं तिच्यासमोर उभी राहिले, मग आपली निघून आले.

गुरुवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी चाचणी करणाऱ्याला धरलं. त्याला आम्ही सगळे टिकोजीराव म्हणतो, कारण तो प्रत्येक कागदावर बरोबरची खूण करत असतो. "धुराची चाचणी केली होतीस का?"

"केली की. तीनदा. धूर दिला, कॉम्प्युटरवर आलं, लाल पाठवला. टिक."

"आणि पडदा?"

"पडदा सुरू होता की. हिरवी खूण मस्त दिसत होती, सुरू होताना येतात ती पांढरी अक्षरंसुद्धा."

"म्हणजे धूर दिल्यावर तू मान वळवून पडद्याकडे बघितलं नाहीस?"

मी त्याला बरंच काही बोलले, ते इथे लिहीत नाही. मग मी पडदा बनवणाऱ्या कंपनीला शिव्या घातल्या. तेवढ्यात दारातून ताई आत आली.

ती ऑफिसात पहिल्यांदाच येत होती. हातात कापडी पिशवी. ताई दोऱ्याच्या कारखान्यात छटा जुळवते. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवतं, ही त्याच्याशी जुळणारं रीळ शोधून देते. एकोणीस वर्षं हेच काम. आणि त्या बाईला मी सांगितलं होतं की तिला लाल-निळ्यातला फरक कळला नाही!

तिने पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. तीस-चाळीस रिळं घरंगळली. "दाखव," ती म्हणाली. तिचा आवाज जरा जड येतो, पण शब्द सुटे असतात.

मी दुसरी नमुना डबी जोडली आणि रंग पाठवायला लागले. आधी हिरवा. ताईने हिरवं रीळ पडद्याला लावून पाहिलं आणि मान डोलावली. बरोबर. पांढरा बरोबर. काळा बरोबर. जांभळा पाठवला, तोही बरोबर. माझा जीव भांड्यात पडायला लागला. मग केशरी पाठवला.

पडद्यावर आकाशी आला.

आम्ही दोघी पुढे वाकलो. टिकोजीरावही वाकला. "पिवळा टाक," ताई म्हणाली. पिवळ्याचा फिका निळसर हिरवा झाला. गुलाबी पाठवला, तर जांभळट. खरं सांगते, तेवढा वेळ मी बुधवार विसरले, रविवारही विसरले. हे असं का होतंय, एवढंच डोक्यात होतं. पांढरा बिघडत नाही, जांभळा बिघडत नाही, हिरवा तर मुळीच नाही. मग केशरीनेच काय घोडं मारलंय?

ताईने लाल, हिरवं आणि निळं अशी तीन रिळं ओळीत ठेवली. जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग मधलं तसंच ठेवून तिने कडेच्या दोघांची अदलाबदल केली आणि माझ्याकडे पाहिलं.

लाल आणि निळा एकमेकांच्या जागी बसत होते.

पडद्याच्या प्रत्येक ठिपक्याला सोळा खण असतात. पाच लालचे, सहा हिरव्याचे, पाच निळ्याचे. हिरव्याला एक खण जास्त, कारण माणसाच्या डोळ्याला हिरव्यातले बारीक फरक जास्त कळतात. पण आधी लाल भरायचा की निळा, हे पडदा स्वतःहून सांगत नाही. ते एका फाइलीत लिहून द्यावं लागतं. यंत्राला काय काय जोडलंय आणि ते कसं आहे, याची ती यादी असते, आणि यादीत लिहिलं असेल तेच यंत्र खरं धरतं. कडेचे दोन उलटे लिहिले तरी मधला हिरवा जागेवरच राहतो. पांढऱ्यात तिन्ही भरलेले, काळ्यात तिन्ही रिकामे, जांभळ्यात लाल-निळं सारखंच. टिकोजीरावला सगळं मस्त दिसलं त्यात नवल नाही.

ही यादी लिहिते कोण? मी.

फाइल उघडली. जुन्या पडद्याची ओळ मी जशीच्या तशी उचलून चिकटवली होती. गेल्या महिन्यात नवे पडदे आले तेव्हा मला वाटलं, तोच पडदा आहे, नुसती काच पातळ केलीय. सोबतचे कागद मी वाचलेच नव्हते. अकराव्या पानावर चौकटीत छापलं होतं, निळा आधी. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. टिकोजीराव, कंपनी, ताई, सगळ्यांवर ओरडून झालं होतं, आणि चूक माझ्या एका ओळीत बसली होती.

मी ओळ बदलली. केशरी केशरी आला. तिसरी डबी ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडे टिकोजीरावला नवी फाइल देऊन लगेच पिटाळलं, ताईच्या डबीत ती संध्याकाळी मी स्वतः घालणार होते. मग ताईकडे वळले, तोंड तिला नीट दिसेल असं धरलं.

"तू बरोबर बघितलं होतंस. मी चुकले. फडकं पेटलं ते माझ्यामुळे."

ताई रिळं गोळा करत होती. "मला नको सांगू," ती म्हणाली. "आईला सांग."

रविवारी आई आली, खरोखरच मोठी बॅग घेऊन. ताईची कपाटं उघडायच्या आधीच मी तिला सगळं सांगितलं. माझी फाइल, माझा आळस, आणि वर ताईलाच वेंधळी ठरवलं तेही. आई ऐकून घेत होती. "म्हणजे शहाणी तू आणि चुकलीसही तूच," एवढंच म्हणाली. मग ताईने पाव जाळून दाखवला. पडदा लाल झाला. पुन्हा जाळला, पुन्हा लाल. तिसऱ्यांदा आईच म्हणाली, पुरे, पाव वाया जातोय.

चहा झाला. आईने रिकामी बॅग उचलली, ताईच्या गालावरून हात फिरवला आणि जिना उतरून गेली.

दोन मिनिटं झाली नसतील, पडदा निळा लुकलुकला. मी सवयीने उठले. ताईने माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

"माझं दार आहे," ती म्हणाली आणि स्वतः गेली.

दारात आई उभी होती. "चष्मा राहिला माझा," ती म्हणाली. चष्मा तिच्या नाकावरच होता.