आंबिलीला आलेले आमदार

रत्नपाल मास्तरांना आधी वाटलं, फेसबुकच बिघडलं. चार दिवस त्यांनी फोन बंद करून पाहिला, चालू करून पाहिला, चिटगुप्प्याच्या मोबाइलवाल्याला दाखवून पाहिला. सगळे दिसत होते. भाचे, जुने विद्यार्थी, कुणाकुणाची बारशी. फक्त लिंगराज दिसत नव्हता. आमदार झाला म्हणून काय माणूस असा हवेत विरघळतो?

शेवटी पंचशीलाबाईंनी स्वतःच्या फोनवर बघितलं आणि तो नवऱ्यापुढे धरला. आमदारसाहेब तिथे हार घालून हसत होते.

"हाय की हितं. तुमालाच काढलंय त्यानं. ब्लॉक केलंय."

"मला? लिंग्या?"

"तुमीच कायबाय लिव्हलाव न्हवं?"

लिहिलं होतं खरं. बीदरजवळ नौबादला कसल्याशा बागेच्या उद्घाटनाचा फोटो होता आणि मास्तरांनी त्याखाली लिहिलं होतं, 'लिंग्या, आमच्या खेड्यांची सकाळची बीदर बस बंद झाली, पोरी कॉलेज सोडून घरी बसल्या. फिती कापून हात दुखत न्हाईत का रे तुझे? लाज धर.' यात वावगं काय, हे मास्तरांना अजूनही कळत नव्हतं. ते आयुष्यभर त्याच्याशी असंच बोलत आले होते. फेसबुक म्हणजे बसस्टँडवरचा आपला फळाच, अशी त्यांची साधी समजूत.

तो फळा लिंगराजनेच लावला होता. तालुका पंचायतीला पहिल्यांदा निवडून आला तेव्हा मास्तरांच्या शाळेतला कोपरा तुटलेला फळा मागून नेला आणि स्टँडसमोरच्या लिंबाला बांधला. ज्याला जे हवं ते त्यानं लिहायचं, कन्नडात, मराठीत, उर्दूत. पाणी न्हाई. राशन न्हाई. एकदा कुणीतरी मोठ्या अक्षरांत लिहून गेला, 'लिंगराज खोटारडा हाय.' मास्तर तरुण होते, तापट होते, पुसायला धावले. लिंगराजनं त्यांचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे रत्न्या. ज्यानं लिव्हलं त्यानंच पुसायचं. आपुन काम करू."

हातपंप बसल्यावर तो माणूस खरंच आला आणि खांद्यावरच्या टॉवेलनं स्वतःच्या हातानं ती ओळ पुसून गेला. त्या दिवशी दोघा मित्रांनी एकाच बशीतून चहा प्यायला. हॉटेलवाला बंडेप्पा तोंड वाकडं करून बघत होता, बघू दे, दोघं म्हणाले. ते दिवस मास्तर पुन्हा पुन्हा आठवत बसत. म्हातारपणाला दुसरं काम तरी काय असतं?

त्याच वर्षी येळवशीला लिंगराज मास्तरांच्या शेतात जेवायला आला. या भागात येळवस म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळा गाव शेतात. मिसळीच्या भाज्यांची पातळ भज्जी, ज्वारीचे उकडलेले उंडे, ताकाची आंबील, आणि बांधावर येईल त्याला जेवण. मास्तरांच्या घरानं बुद्धाला जवळ केल्यावर त्या दिवसाची पूजा सोडली होती, जेवण सोडलं नव्हतं. तरी लिंगायताच्या पोरानं त्यांच्या पंगतीला बसावं, हे तेव्हा सोपं नव्हतं. त्याचे वडील पंचाक्षरी अप्पा महिनाभर पोराशी बोलले नाहीत. लिंगराज मात्र दरसाल येत राहिला, आमदार झाल्यावरही.

यंदा येळवस जवळ आली तशी पंचशीलाबाईंनी विचारलं, "त्याच्या वाट्याची आंबील करायची का न्हाई?"

"कर की."

"ब्लॉक केल्यावरबी येतंय व्हय कोण?"

 येळवशीच्या दिवशी शेतात मास्तरांचा घास गाडीवाटेकडे बघण्यातच निवत होता. बस तर हवीच होती. पण त्याहून त्यांना हे कळायला हवं होतं, की आपलं बोलणं ऐकणारा तो माणूस अजून शिल्लक आहे का.

दुपारी दोन पांढऱ्या गाड्या आल्या. "रत्न्या!" म्हणत लिंगराजनं मिठी मारली आणि घोंगडीवर मांडी घातली. बरोबरची पोरं फोन उंच धरून भोवती उभी राहिली. पंचशीलाबाईंनी भज्जी वाढली. मास्तरांनी त्याला दोन घास खाऊ दिले, मग बोट रोखलं.

"मला कामून काढलास रे?"

"मी कशाला काढतो? ह्या पोरांकडं असतंय ते सगळं."

"तुला ठाव न्हवतं?"

लिंगराजनं उंडा भज्जीत कालवला, बराच वेळ कालवत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ठाव होतं. तुझं लिव्हल्यालं विरोधकांनी गावोगाव फिरवलं रत्न्या. तू मला घरी येऊन शिव्या घाल, पायताणानं हाण. पर तिथं सगळे बघतेत रे."

"लिंबाखाली कोण बघत न्हवतं?" मास्तरांचा आवाज चढला. "आन् घरी येऊन सांग म्हणतोस. पोरींनी तुझ्या घरी बीदरला यायचं कसं? बस कुठाय?"

लिंगराजनं मान खाली घातली. आंबिलीचा तांब्या तोंडाला लावला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "बघतो." जाताना त्यानं मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला. हात तोच होता, जुना. मास्तर उरलेला दिवस हलके होऊन हिंडले. "ऐकून घेतलं बघ," त्यांनी बायकोला तीनदा सांगितलं.

संध्याकाळी घरी येतात तोच विद्यार्थ्यांचे फोन सुरू झाले. "मास्तर, तुमी व्हिडिओत! काय आशीर्वाद दिलाव साहेबांना?"

पंचशीलाबाईंनी फोन उघडला. 'बालमित्राच्या शेतात येळवस' असं वर लिहिलं होतं. भज्जी होती, आंबील होती, हिरवंगार हरभऱ्याचं रान होतं. सगळ्यावर सनई वाजत होती. मास्तरांचे ओठ हलत होते, बोट नाचत होतं, आणि आवाज तेवढा नव्हता. बसचं बोलले तिथं तर पोरांनी लाल बदाम उडवले होते. खाली शेकडो लोकांनी हात जोडले होते.

मास्तरांनी ते दोनदा पाहिलं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. शिवी द्यावी इतकाही राग येईना. त्यांनी बायकोचा फोन मांडीवर घेतला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'माननीय आमदारसाहेब, या व्हिडिओत मी बस मागत आहे. आपला मतदार, रत्नपाल.'

पंचशीलाबाईंनी वाकून वाचलं. "साहेब कामून लिव्हलाव? कव्हा म्हणलाव न्हाई त्याला."

"लिंग्याला दुपारी सांगून झालं," मास्तर म्हणाले. "ह्येला वळख न्हाई आपली."

बाई येळवशीची भांडी घासायला उठल्या. परत येऊन त्यांनी फोन उघडला, तेव्हा त्यांच्या फोनवरूनही लिंगराज गेला होता.