कुंपणापलीकडे राहिलेला वाडगा

मित्रांनो, अंगावर दोन ठिकाणी टवके उडालेला, निळ्या काठाचा एक जुना पांढरा वाडगा तुमच्याशी बोलतो आहे. माझं तोंड माझ्या सगळ्या अंगाहून मोठं, तरी आजवर मला अवाक्षर बोलता आलं नाही. आज बोलतो.

जन्माचं फारसं आठवत नाही. पत्रा ठोकून मला आकार दिला, मग दाट पांढऱ्या रंगात बुडवून भट्टीत सरकवलं, एवढंच धूसर आठवतं. त्या भट्टीची ऊब अजून दुपारच्या झोपेत अंगावरून जाते. पुढे एका फेरीवाल्याच्या टोपलीत बसून मी या समुद्रकाठच्या वाडीत आलो आणि चारिंगच्या आईने मला छातीशी धरून घरी नेलं. आई गेल्यावर मी लेकीचा, चारिंगचा झालो.

चारिंगच्या हातची, नारळाच्या दुधात शिजलेली रताळी आणि केळी मी वर्षानुवर्षं पोटात घेतली. दुपारी वाडी पेंगत असे, कोंबडेसुद्धा सावलीत डोळे मिटून बसत, आणि मी वाफ सांभाळत बांबूच्या कुंपणावरून पलीकडे जाई. पलीकडे लुमेन राहायची, चारिंगहून दहा वर्षांनी लहान. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. त्यामुळे येताना माझ्यात पेरू असत, नाहीतर सुकी मासळी, कधी लुमेनच्या नवऱ्याने, तेम्योंगने, माडावरून उतरवलेल्या शहाळ्यांची मलई. चारिंग कौतुकाने म्हणे, "या मेल्याला उपास कसा तो माहीतच नाही!" त्या दोघींच्या हातांत मी जाता-येता झुलत असे आणि मला वाटे, हे असंच चालणार.

मग एके सकाळी तेम्योंग माडावरून पडला आणि अंथरुणाला खिळला. चारिंगने आलं घातलेला कोंबडीचा रस्सा माझ्यात ओतला आणि मला पलीकडे पोहोचवलं. तो मी परत आलोच नाही.

लुमेनने मला घासूनपुसून खिडकीत ठेवलं. रोज सकाळी ती मला हातात घेई, घरभर नजर फिरवी आणि पुन्हा जागेवर ठेवी. ती लोकांचे कपडे धुऊन पसाभर तांदूळ आणायची. माझ्यात काय घालणार?

"अगं, नुसताच देऊन टाक," तेम्योंग पडल्या पडल्या म्हणाला.

"नुसता?" लुमेन उसळली. "आणि मी तोंड कुठे लपवू?"

ती चारिंगला चुकवू लागली. विहिरीवर लांबच्या वाटेने जाई. कुंपणावरून विचारपूस झालीच तर म्हणे, "सगळं आहे हो ताई, भाऊ पाठवतो." भाऊ मिठागरात कामाला होता. तो पाठवायचा ते फक्त मीठ.

चार महिने गेले. डोळा लागला की मला अंगात वाफ भरल्यासारखी वाटे, आणि जाग आली की मी आपला थंडगार पत्रा. पलीकडून चारिंगचा आवाज येई, पण तो आता पूर्वीसारखा राहिला नव्हता. एकदा तर ती मुद्दाम ऐकू जाईल असं बोलली, "आईची एवढी एकच खूण होती माझ्याकडे. तिलाही पाय फुटले म्हणायचे!" लुमेन चुलीपाशी बसून रडली. मला दोन्हीकडचं ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं. माझा जीव तुटत होता.

गावच्या संताच्या जत्रेच्या आदल्या दिवशी चारिंग तरातरा घरात शिरली. "लुमेन, माझा वाडगा..." म्हणाली आणि थबकली. नवराबायको जेवत होती. ताटलीत पातळ पेज आणि कडेला मिठाचे खडे. आणखी काही नव्हतं. खिडकीत मी मात्र लखलखत होतो.

लुमेन उठून उभी राहिली. मान वर करेना. "द्यायचाच होता, ताई. पण रिकामा कसा देऊ?"

चारिंगने मला उचललं. आता ही तोंड सोडणार, असं मला वाटलं. तिने सोडलंच.

"रिकामा कशाला देतेस? उद्या जत्रा, एवढा स्वयंपाक काढलाय आणि घरात मिठाचा खडा नाही! भर हा वाडगा. हात आखडू नकोस."

"मीठ?" लुमेन बघतच राहिली. "मीठ काय कुणी देतं, ताई?"

"मागणारी मी आहे ना? भर म्हटलं की भरायचं."

लुमेनने ओंजळी भरभरून मीठ घातलं. अंथरुणावरून तेम्योंग ओरडला, "अजून घाल गं, शीग येऊ दे!" आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्या घरात हसू फुटलं.

घरी येऊन चारिंगने मिठाची बरणी उघडली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती. चारिंग तिथेच चुलीपुढे बसली, मला मांडीवर घेतलं आणि पोटभर रडली. मग डोळे पुसून तिने रताळी सोलायला घेतली.

मित्रांनो, तुमचंही एखादं भांडं कुणाकडे राहून गेलं असेल. ते मागायला जाऊ नका. त्या घरात जा, जरा टेका, आणि त्यांच्याकडे जे असेल तेच मागून घ्या.