अमोमोस

गुरांची डॉक्टरीण त्या दुपारी आईकडे आली ती धुमसतच. बाबांच्या कबरीवर कोणता शब्द कोरायचा हे दादानं परस्पर ठरवून टाकलं होतं. आता फक्त आईची सही राहिली होती. दादा धर्मोपदेशक. शब्दाचा अर्थ उलगडून दाखवावा आणि समोरच्यांनी माना डोलवाव्यात, याची त्याला भारी हौस.

टेबलावर दगडाचा नमुना होता, कागदावर काढलेला. नाव, तारखा आणि खाली ठळक अक्षरांत ‘अमोमोस’.

“ग्रीक शब्द आहे, बायबलमधला,” दादा म्हणाला. “निष्कलंक. ज्याच्याकडे बोट दाखवता येणार नाही असा. आधी बळीच्या जनावराला म्हणायचे, मग माणसालाही. बाबांना अगदी शोभतो.”

“जनावर निष्कलंक आहे हे ठरवायचं कोण?” डॉक्टरणीनं विचारलं.

“याजक, बळी देणारा पुजारी. आंधळं, लंगडं, हाड मोडलेलं चालायचं नाही.”

“म्हणजे बघायचा ना नीट? की मालक सांगेल तसा शिक्का मारायचा?”

“तू ना, कुठल्याही गोष्टीचा गोठा करतेस,” दादा हसला.

तिचं डोकं सणकलं. या घरात सगळे मालक सांगेल तसाच शिक्का मारत आले होते. तीस वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात पडली असं बाबांनी सांगितलं, आणि सगळ्यांनी मान्य केलं. नऊ वर्षांच्या तिनं दारातून पाहिलेलं दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, खोटारडी. तो शब्द ती आजवर गिळून होती.

“आई, बाही वर करू?”

आईनं हात पुढे केला.

गुरांच्या बाजारात मालक कितीही शपथा घेवोत, जुनं मोडलेलं हाड डॉक्टरीण बोटांनीच शोधायची. वरून खाली, सावकाश. तिनं दादाची बोटं धरली आणि आईच्या कोपरापासून तशीच खाली नेली. मधोमध ती अडली. तिथं गाठ होती.

“न्हाणीघरात पडली होती ना ती,” दादा पुटपुटला.

“पडणारा माणूस हात टेकतो, तेव्हा बहुतेक मनगट मोडतं. डोक्यावर काठी येताना हात आडवा धरला की इथं मोडतं. बाबांचा कलंक त्यांच्या अंगावर शोधू नकोस, दादा. तो त्यांनी आईच्या अंगावर ठेवलाय.”

दादानं आईकडे पाहिलं. ती नाही म्हणेल अशी त्याला अजून आशा होती. आईनं बाही खाली ओढली, पेन घेतलं, तो शब्द खोडला आणि नाव नि तारखांखाली सही केली.

“ही गाठ तुला आज पहिल्यांदा नाही लागली,” ती दादाला म्हणाली. “मला ताप आला की माझे हात तूच चेपून द्यायचास.”