अनुसयाबाईंच्या गाठीचा मेणाचा ठोकळा

मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका, पण माझ्या पोटात माणसाच्या मांसाचा वाटाण्याएवढा तुकडा आहे. तो अनुसयाबाईंच्या पोटरीतला आहे.

अनुसयाबाई कळमनुरीजवळच्या एका वाडीत मेंढ्या राखतात. त्यांच्या पोटरीत गाठ आली, तेव्हा डॉक्टरांनी तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला. प्रयोगशाळेत तो वितळलेल्या मेणात बुडवला, मेण थिजले आणि माझा जन्म झाला. मग कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असे माझे काप काढून काचांवर चिकटवले. सगळे कौतुक त्या काचांचे! मला खणात टाकून दिले.

काचा पाहून अहवाल आला. रक्तवाहिनीचा जहाल कर्करोग. मांडीपासून पाय काढावा लागेल. मी सुन्न झालो. ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरली.

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी काचा आणि मी अनुसयाबाईंच्या नवऱ्याच्या, दगडोबांच्या हाती आलो. घरी पोचल्यावर दगडोबांनी काय करावे? मला हळदकुंकू लावले, मेंढ्यांच्या वाड्याशेजारी खड्डा खणला आणि मला चक्क पुरून टाकले! मला ओरडताही येईना.

नवव्या दिवशी वर कुदळीचे घाव ऐकू आले. आधी दोन खड्डे चुकले. अनुसयाबाई रडत रडत बोलत होत्या, "काचा पाहून नांदेडच्या डॉक्टरीणबाई आता ठोकळाच मागून राहिल्या. माझा पाय चाललाय, आन् तुमी पुरलंच काहून?"

"अगं, लेकराची नाळ पुरतो का न्हाई आपुन? तुझ्याच अंगाचा तुकडा. उघड्यावर कसा ठिवावा?" दगडोबा आता हातांनीच माती उपसत होते.

नांदेडला डॉक्टर मोहिनींनी माझ्यावरची माती पाहिली आणि ती हलकेच पुसली. पण मेणाने आपले काम चोख केले होते. आतला तुकडा शाबूत होता. त्यांनी माझे नवे काप जनुकांच्या तपासणीला पाठवले आणि ऑपरेशन थांबवले.

पेशीने कसे वागायचे, याच्या सूचना म्हणजे जनुके. माझ्यातल्या पेशींत फॉस नावाचे जनुक मधेच तुटून भलत्याच जनुकाला जोडले गेले होते. असा जोड ही रक्तवाहिन्यांच्या एका साध्या, दुर्मीळ गाठीची खूण. सूक्ष्मदर्शकाखाली ती गाठ कर्करोगासारखीच दिसू शकते. तिथेच पहिला अहवाल फसला होता.

"हा कर्करोग नाही. फक्त गाठ काढू. पाय राहील," डॉक्टर म्हणाल्या.

दगडोबांनी मलाच हात जोडले. मी तर हादरलोच. इतके दिवस मी स्वतःलाच कर्करोग समजत होतो!

मित्रांनो, दवाखान्यातून असा ठोकळा मिळाला तर त्याला पुरू नका, उन्हात ठेवू नका, कचरा समजून फेकू नका. अहवाल चुकला तर पुन्हा मलाच विचारावे लागते.

अनुसयाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी लुगडे जरा वर करून आपल्या पायावरून हात फिरवला, बराच वेळ फिरवला. मग डॉक्टरांकडे पाहून विचारले, "बाई, ह्यो ठोकळा घावलाच नसता तर?"