वाकड्या हेडचा टेपरेकॉर्डर

सेलोटेपचा एक तुकडा.

दुबईहून मामाने पाठवलेलं खोकं.

शेजारच्या मालनताई, दारातून: "मांजर कापताय काय गं घरात?"

एक स्क्रू, तांदळाच्या दाण्याएवढा.

अंधेरीच्या एका हॉलमध्ये टाळ्या. माझ्यासाठी नाहीत.

मित्रांनो, हे सगळं माझ्याच आयुष्यातलं. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि आता सरळ क्रमाने सांगायचा प्रयत्न करतो.

गिरणी बंद पडल्यावर गोरेगावात वायरमनची कामं करणाऱ्या दत्ताराम यांच्या घरी मी भजनं वाजवायला आलो. पहिल्याच गणपतीत कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि मी फळीवरून खाली पडलो. माझं हेड, म्हणजे टेपवर आवाज लिहिणारा आणि वाचणारा धातूचा तुकडा, केसभर तिरकं झालं. भजनांना काही फरक पडला नाही. कुणाला कळलंही नाही.

१९८८ साली मामाच्या खोक्यातून घरगुती कॉम्प्युटर निघाला. टीव्हीला जोडायचा. बंद केला की सगळं विसरायचा. त्याची आठवण मी ठेवायचो, कॅसेटवर, शिट्ट्यांच्या रूपात. ती परत वाजवली की मालनताईंना मांजर आठवायचं. एक प्रोग्राम चढायला नऊ मिनिटं. आठव्या मिनिटाला चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून.

दत्ताराम यांची मुलगी श्रुतिका माझ्यासमोर मांडी घालून बसायची. तिच्या लक्षात आलं, की मी सुस्त नाही, मला सुस्त ठेवलंय. शिट्ट्या आखूड केल्या तरी मला पेलतील. तिने दोन महिने वह्या भरल्या. रिकामी कॅसेट मिळेना, म्हणून वडिलांच्या भजनाच्या कॅसेटचं वरचं भोक, जे असलं की नवं रेकॉर्ड होत नाही, ते सेलोटेपने बुजवलं आणि त्यावरच रेकॉर्ड केलं.

"माझां भजन पुसलंस काय गो?" दत्ताराम ओरडले.

"बाबा, नऊ मिनिटांचं काम दीड मिनिटात होतंय!"

"होवंदे. पण भजन गेला मां?"

त्या कॅसेटवर सुरुवातीला एक छोटा भाग जुन्या सावकाश पद्धतीने होता. तो कॉम्प्युटरला माझी घाईची भाषा शिकवायचा. त्यानंतर तिची सगळी टिपणं, तारीख आणि नाव. ती तिने घाईच्या पद्धतीनेच ठेवली. सावकाश प्रत ठेवली नाही. आपणच गाडी पळवली आणि आपणच चालत जायचं, हे तिच्या मनाला पटेना.

सुरुवातीचा छोटा भाग कागदावर उतरवून ती जोगेश्वरीच्या कॉम्प्युटर क्लासात घेऊन गेली. क्लास मार्तंड सरांचा. तीन महिन्यांनी तो भाग एका मासिकात छापून आला. खाली नाव: मार्तंड सर.

श्रुतिका रडली. दत्ताराम म्हणाले, "सर मोठो माणूस. गप रव."

ती गप राहिली. ती कॅसेट पोटात घेऊन मी माळ्यावर गेलो. पस्तीसच्या वर वर्षं.

गेल्या वर्षी अंधेरीत जुन्या कॉम्प्युटरवाल्यांचा मेळावा ठरला. त्या प्रोग्रामसाठी मार्तंड सरांचा सत्कार होणार होता. श्रुतिकाने आयोजक प्रबुद्धला फोन केला: ते मी लिहिलं होतं. तो भला मुलगा. म्हणाला, "मॅडम, वह्या आहेत?" वह्या रद्दीत गेल्या होत्या. "मग कॅसेट आणा. सगळ्यांसमोर लावू."

तिची मुलगी श्वेता मला मायेने दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने धूळ काढली, नवा पट्टा घातला आणि म्हणाला, "हेड वाकडं होतं. सरळ करून दिलंय. झकास वाजेल."

हॉलमध्ये सावकाश भाग चढला. लोक पुढे सरकले. पण तो भाग सगळ्यांकडे होताच, मासिकातून. मग घाईचा भाग सुरू झाला, आणि मला त्यातलं एकही अक्षर वाचता येईना.

"हेडला कुणी हात लावलाय?" प्रबुद्धने विचारलं.

"सरळ केलंय," श्वेता म्हणाली. "का? चुकलं काही?"

श्रुतिकाने डोळे मिटले. "अगं, वाकडंच हवं होतं गं."

त्या आखूड शिट्ट्या ज्या तिरक्या हेडाने लिहिल्या, त्याच तिरकेपणाने वाचायच्या होत्या. सावकाश शिट्टी एवढं मनावर घेत नाही. प्रबुद्ध स्क्रू केसभर फिरवायचा, टेप मागे घ्यायचा, पुन्हा लावायचा. प्रत्येक वेळी माझ्या हेडावर तपकिरी भुकटी साचायची. ती भुकटी म्हणजे तिची टिपणं होती, मित्रांनो. अकराव्या वेळी टेप तुटली.

मार्तंड सर शाल सावरत माइकवर म्हणाले, "पोरगी हुशार होती हो. टायपिंग छान करायची."

टाळ्या.

श्रुतिकाने मला पिशवीत घातलं. कुणाशी भांडली नाही. श्वेता रिक्षात एकदाच बोलली, "आई, सॉरी ना."

मित्रांनो, माझ्यासारख्याने शेवटी सांगायचं असतं की जुन्या वस्तू पुसा, जपा, दुरुस्त करा. मी सांगणार नाही. मला पुसलं, दुरुस्त केलं, आणि त्यातच सगळं गेलं. एवढंच करा: समोर बसून कुणी काही नवं घडवलं, तर त्याच दिवशी चारचौघांत त्याचं नाव घ्या. माझ्यासारख्यावर टाकू नका. आम्ही पडतो.

प्रोग्राम पहिल्यांदा दीड मिनिटात चढला ती मे महिन्यातली दुपार होती, दत्ताराम कामावर होते, आणि खोलीत श्रुतिकाशिवाय कुणीच नव्हतं.